विणकराचा पडदा आणि भिंगरी शेळी

फार जुन्या काळी, राज्यं लहान होती आणि गावं त्याहून लहान, तेव्हा चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका खोलगट जागी एक गाव होतं. गाव इतकं खोलात होतं की वारा डोंगरावरूनच निघून जाई. चुलीचा धूर सुतासारखा सरळ वर चढे, आणि धान्य उफणायचं असलं की लोक पाट्या डोक्यावर घेऊन टेकडीच्या माथ्यावर जात.

त्या गावात घरोघरी टोमॅटो पिकत. प्रत्येक घरामागे परस, परसातून स्वयंपाकघराकडे जाणारी पायवाट आणि वाटेच्या अंगानं टोमॅटोच्या ओळी. रोप गुडघ्याइतकं झालं की शेजारी काठी रोवायची, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं रोप काठीला सैल बांधायचं, आणि ओळीतल्या सगळ्या काठ्यांच्या डोक्यावरून एक लांब आडवा बांबू बांधून टाकायचा, म्हणजे फळांच्या भारानं काठ्या झुकत नाहीत.

गावाची एक रीत होती. कुणाकडे जायचं तर मागच्या बोळातून परसात शिरायचं, वाटेवरचा आडवा बांबू धरून चांगला गदगदा हलवायचा आणि हाक मारायची, ‘आहे का कोणी घरात?’ काठ्यांचा खडखडाट थेट चुलीपाशी ऐकू जाई. पुढच्या दाराची कडी फक्त राजाचा शिपाई वाजवी. ही रीत कुणी पाडली आणि का पाडली, हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. आई करायची म्हणून लेक करायची, एवढंच.

या गावात एक विणकर राहत होता. माणूस नेटका. त्याच्या मागावरच्या कापडात एक गाठ सापडली तर तो सगळं पुन्हा उसवून बसे. परसातही तसंच. ओळी दोरी धरून आखलेल्या, आळी गोल, पानावर कीड दिसली तर हातानं वेचलेली. सकाळी माग चालू करण्याआधी तो प्रत्येक झाडापाशी उभा राही आणि काल काय होतं, आज काय झालं, हे मनात नोंदवून घेई.

त्या वर्षी त्याला एक काळजी लागली होती. टोमॅटो रंगावर आले की गावाची पंगत बसे आणि त्या पंगतीचं टोमॅटोचं सार करण्याचा मान दर वर्षी एका घराकडे जाई. सार त्या घरच्याच परसातल्या फळांचं असायला हवं, बाहेरचं एकही चालायचं नाही. घरं पुष्कळ, त्यामुळे मान फिरून येईपर्यंत एक पिढी निघून जाई. विणकराच्या वडिलांच्या वेळी झाडांना फळच धरलं नव्हतं. सार इतकं पातळ झालं की पंगतीत कुणीतरी म्हणालं, ‘ह्यात तोंड बघून घ्या रे, सकाळी आरसा सापडला नव्हता ना!’ सगळी पंगत हसली. वडील पुन्हा कधी पंगतीला बसले नाहीत. आणि अजूनही गावात कुणाची आमटी पातळ झाली की लोक म्हणत, ‘विणकराची झाली.’

आता मान त्याच्याकडे आला होता. हे बोलणं आपल्या हातानं पुसायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

झाडं फुलोऱ्यावर आली. एके सकाळी शेजारची शेळीवाली मावशी विरजण मागायला आली आणि रीतीप्रमाणे तिनं बांबू गदगदा हलवला. विणकर तिथंच उभा होता. त्यानं पाहिलं, बांबू हलला आणि चारदोन पिवळी, सुकलेली फुलं खाली पडली.

त्यानं ती उचलून तळहातावर घेतली.

‘मावशी, हे बघा. ही फुलं म्हणजे टोमॅटोच होते.’

‘अरे, सुकलेली फुलं आज ना उद्या पडायचीच.’

‘तुम्ही हलवलंत म्हणून पडली. मी डोळ्यांनी बघितलं.’

‘बरं बाबा, बघितलंस,’ मावशी म्हणाली आणि वाटी पुढे करत आत गेली. ‘अगं, विरजण देतेस का? तुझ्या नवऱ्याच्या फुलांचं सुतक संपल्यावर दे हवं तर.’

विणकर मात्र हसला नाही. आजवर किती जणांनी हा बांबू हलवला असेल, त्याचा तो विचार करू लागला. त्या दिवसापासून त्यानं एक जाडंभरडं, दाट विणीचं, लांबच लांब कापड मागावर चढवलं. ते पुरं झाल्यावर परसाच्या चारी बाजूंनी खांब रोवून पडदा बांधून टाकला. जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत. बोळाकडची वाट बंद केली आणि पुढच्या दाराला एक घंटा टांगली.

‘अहो, लोक काय म्हणतील?’ त्याच्या बायकोनं विचारलं.

‘पंगत झाली की काढतो. तोवर घंटा वाजवतील.’

पण घंटा कुणी वाजवली नाही. त्या गावात पुढच्या दारानं जायची कुणाला सवयच नव्हती. बाया बोळापर्यंत येत, पडदा बघत आणि परत जात. विणकराची बायको दुपारी चुलीपाशी बसे तेव्हा तिला घर फार मोठं वाटू लागलं.

पडद्याआड झाडं जोमानं वाढली. पानं काळीभोर हिरवी, खोडं बोटाएवढी जाड. फुलांचे घोस तर इतके की विणकर कुजलेल्या शेणखताची पाटी घेऊन ओळींमधून फिरताना स्वतःशीच गुणगुणू लागला.

आता शेळीवालीच्या शेळीकडे वळू या. या गोष्टीत नाव फक्त तिलाच आहे. तिचं नाव भिंगरी. जुन्या गोष्टींत जनावरं बोलतात, शहाणपण सांगतात. भिंगरी बोलत नव्हती. ती फक्त खात होती, आणि एका जागी उभी राहत नव्हती. म्हातारीच्या घरात दूध म्हणा, सोबत म्हणा, जे काही होतं ते भिंगरीच.

एके दिवशी विणकर कापड घेऊन बाजाराला गेला होता. भिंगरीनं दाव्याचा खुंट उपटला, बोळाकडच्या पडद्याखाली शिंगं घातली, कापड टरकावलं आणि आत शिरली. कडेच्या ओळीत तिनं पोटभर पाला खाल्ला. मग गळ्यातलं दावं आडव्या बांबूला गुंडाळलं गेलं. सुटायला म्हणून ती ओढू लागली, जितकी ओढे तितकी अडके, आणि अख्खी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खडखड खडखड हलत राहिली. विणकराची बायको आवाजानं धावत आली. तिला वाटलं, कुणीतरी पाहुणं आलं.

आत शेळी दिसली तेव्हा ती पोट धरून हसली, आणि मग नवऱ्याची आठवण होऊन घाबरली.

संध्याकाळी विणकर आला. त्यानं मोडलेल्या फांद्या पाहिल्या, खाल्लेला पाला पाहिला, मातीवर पडलेली पिवळी फुलं पाहिली. तो तडक चावडीवर गेला.

पाटील वयानं मोठे होते आणि घाईनं न्याय करत नसत. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं.

‘पाटील, माझी ओळ गेली,’ विणकर म्हणाला. ‘पंगतीचं सार आहे. ते काय फक्त माझं आहे? सगळ्या गावाचं आहे. ह्यांनी भरपाई द्यायला हवी.’

‘माझ्याकडं द्यायला आहे काय?’ मावशी म्हणाली. ‘एक म्हातारी आहे आणि एक शेळी. म्हातारी नेतोस?’

‘शेळी द्या.’

मावशीचं तोंड उतरलं.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘पाला खाल्ला हे खरं. पण पंगतीत आपण पाला जेवत नाही, फळ जेवतो. तेव्हा न्याय फळावर होईल. टोमॅटो रंगावर आले की आम्ही पाच जण येऊन बघू. शेळीच्या ओळीला बाकीच्या ओळींपेक्षा कमी फळ असेल, तर शेळी विणकराची. नसेल, तर विणकरानं मावशीची सगळ्यांसमोर माफी मागायची. कबूल?’

‘कबूल,’ विणकर म्हणाला. ‘मी त्या ओळीला हातसुद्धा लावणार नाही. पडदा फाटलाय तो तसाच ठेवीन. नुकसान जसंच्या तसं दाखवीन.’

आणि तो शब्दाला जागला. बायको तेवढी पाणी घाली. बाकी कडेच्या ओळीकडे त्यानं पाठच फिरवली. फाटका पडदा लोंबत राहिला.

मावशीला मात्र चैन पडेना. तिची भिंगरी त्या ओळीवर टांगलेली होती. रोज सकाळी ती फाटक्या पडद्यातून आत डोकावे, आणि सवयच ती, हात आपसूक बांबूकडे जाई. गदगदा हलवून ती हाक मारी, ‘अगं, आहेस का घरात? काही धरलंय का गं?’

विणकर मागावरून ऐके आणि मनात म्हणे, हलव म्हातारे, हलव. ती ओळ काय, गेलीच आहे.

दिवस जात राहिले. मग एका सकाळी विणकराला मधल्या ओळीत पिवळा सडा दिसला. त्यानं एक घोस हातात घेतला. फुलाच्या देठाला मधोमध एक गाठ असते, त्या गाठीपाशी देठ पिवळा पडला होता आणि बोट लागताच फूल गळून आलं. मागे काहीच नव्हतं. दुसरा घोस तसाच. तिसराही तसाच. झाडं कमरेवर चढलेली, हिरवीगार, आणि फळ म्हणून एकही नाही.

त्यानं खत वाढवलं. पाणी वाढवलं, मग कमी केलं. राख टाकून पाहिली. पानं आणखी हिरवी झाली. फुलं येत राहिली आणि गळत राहिली. पंगत जवळ येत चालली होती, आणि रात्रंदिवस त्याला वडिलांचं ते उतरलेलं तोंड दिसू लागलं.

एकदा पाण्याचा पाट अडला म्हणून त्याला कडेच्या ओळीत जावं लागलं. वाकून माती काढताना गालाला काहीतरी गार लागलं. त्यानं पान बाजूला केलं. आवळ्याएवढे हिरवे टोमॅटो, घोसानं. दुसरं पान बाजूला केलं. तिथंही तेच. शेळीनं ओरबाडलेल्या, मोडलेल्या, खताची मूठही न मिळालेल्या त्या ओळीत प्रत्येक झाडाला फळ धरलं होतं.

तो तिथंच मातीत बसला.

नेटक्या माणसाचा एक गुण असतो. एखादी गोष्ट त्याला पटो न पटो, दिसली की तो तिचा छडा लावतो. विणकरानं पडद्याआडच्या एका ओळीतलं टोकाचं झाड निवडलं, त्याची काठी बांबूपासून सोडवली, आणि रोज सकाळी मावशीसारखीच गदगदा हलवू लागला. हलवताना एकदा उन्हाच्या तिरिपीत त्याला फुलातून पिठीसारखी पिवळी धूळ उडताना दिसली. थोड्याच दिवसांत त्या एका झाडाची फुलं गळाली, पण मागे मोहरीएवढे हिरवे मणी ठेवून गळाली. शेजारच्या झाडांवर काहीच नव्हतं.

म्हणजे बांबू हलला की फूल पडत होतं हे त्यानं बरोबर पाहिलं होतं. फक्त देठाशी काय राहिलं, ते पाहिलं नव्हतं.

मग त्याला आणखी एक गोष्ट आठवली. वडिलांचा मान होता त्या वर्षी तो लहान होता. विहिरीच्या पाळीवरून वडिलांचं साऱ्या गावाशी वाकडं आलं होतं. कुणी परसात पाऊल टाकत नव्हतं. तो दारात बसून खडखडाटाची वाट बघायचा, आणि परस नुसतं शांत असायचं. लोक म्हणाले, कीड पडली. कीड पडली नव्हती. माणसं यायची थांबली होती.

कडेच्या ओळीतले टोमॅटो लाल झाले. पाटलांचा निरोप आला, उद्या सकाळी पंच येतील आणि परवा पंगत.

विणकराची बायको हातातली परडी खाली ठेवून म्हणाली, ‘आता काय करणार?’

तो बोटानं जमिनीवर रेघा ओढत राहिला.

‘मी सांगू? पहाटे उठून ती सगळी तोडा. मधल्या ओळींची म्हणून पुढं करा. शेळीची ओळ रिकामी दिसेल, शेळी आपली होईल, सारही होईल. म्हातारीला फटीतून धड दिसत नाही, आणि पडद्याआड दुसरं कोण बघतंय?’ ती नवऱ्याकडे टक लावून पाहत होती. ‘एवढं कापड विणलंत, त्याचा काहीतरी उपयोग नको व्हायला?’

विणकरानं वर पाहिलं. बायको खरं बोलत होती की त्याला डिवचत होती, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. पण पडदा माणसांपासून फळ राखायला म्हणून बांधला, आणि आता तो फक्त खोटं राखायच्या उपयोगाचा उरला, हे त्याला लख्ख कळलं. हेही कळलं की खरं बोललं तर ‘विणकराची झाली’ हे बोलणं आणखी एक पिढी चालणार.

‘कात्री कुठं आहे?’ त्यानं विचारलं.

‘टोमॅटो तोडायला कात्री?’

‘नाही. दोऱ्या कापायला.’

सकाळी पंच बोळात आले तेव्हा पडदा नव्हता. घडी घालून तो ओट्यावर ठेवलेला होता. सगळं परस उघडं. मधल्या ओळी हिरव्या आणि रिकाम्या, आणि कडेची एक वेडीवाकडी ओळ लालभडक. मागं उभ्या माणसांत कुणीतरी फिसकन हसलं. मावशी भिंगरीचं दावं मुठीत आवळून उभी होती. तिनं एकदा ओळीकडे पाहिलं, एकदा शेळीकडे, आणि तिचा हात सैल झाला.

‘पाटील,’ विणकर म्हणाला, ‘शेळीच्या ओळीला फळ आहे. माझ्या ओळींना नाही. शेळीनं पाला खाल्ला, मी फळ खाल्लं. माणसांनी बांबू हलवायचं मीच बंद केलं, आणि बांबू हलल्याशिवाय इथं फळ धरत नाही. वाटलं तर त्या टोकाच्या झाडाला बघा, ते मी हातानं हलवलं.’ मग तो मावशीकडे वळला. ‘मावशी, चुकलो. तुमचं जनावर तुमच्यापासून तोडायला निघालो होतो.’

मावशीनं पदरानं नाक पुसलं. ‘चुकलास तर चुकलास. पण माझ्या भिंगरीनं एवढी मेहनत केली, तिचं काय?’

‘सांगा.’

‘पंगत झाल्यावर रिकाम्या ओळींचा फुटवा खुडशील, तो तिला घाल.’

‘टोमॅटोचा पाला फार खाऊ नये जनावरानं, मावशी.’

‘मग तिला आधी का सांगितलं नाहीस!’ मावशी म्हणाली, आणि पंचांसकट सगळे हसले.

एका ओळीच्या फळांत सगळ्या गावाचं सार करायचं म्हणजे पाणी वाढणारच. विणकराच्या बायकोनं जिऱ्याची, कढीपत्त्याची खमंग फोडणी दिली, गूळ टाकला, कोथिंबीर सढळ हातानं घातली, तरी सार पातळ ते पातळच. पंगतीला बसायला पट्ट्या अपुऱ्या होत्या. विणकरानं ओट्यावरचा तो पडदा आणला आणि देवळापासून विहिरीपर्यंत अंथरला. सारा गाव त्याच्यावर बसला. मग तो पातेलं घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘मंडळी, सार पातळ झालंय. विणकराची झाली.’

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. जे बोलायचं ते त्यानंच बोलून टाकलं होतं. वडिलांच्या पंगतीत आरशाचं बोललेला माणूस आता पार म्हातारा होऊन पहिल्याच पानावर बसला होता. त्यानं वाटी तोंडाला लावली, भुरका मारला, ओठ पुसले.

‘पातळ आहे खरं,’ तो म्हणाला. ‘पण चव आहे. अजून एक पळी घाल.’

पंगतीनंतर ऋतू सरता सरता मधल्या ओळींना फळ लागलं, इतकं की काठ्या वाकल्या. कारण पडदा गेल्यापासून विणकराकडे सकाळपासून माणसांची रीघ असे, आणि जो येई तो ओळीओळीचा बांबू जरा जास्तच गदगदा हलवी. विणकर मागावरून ओरडे, ‘आहे, आहे, घरात आहे!’ आणि धोटा टाकून उठे. पुढच्या दाराची घंटा त्यानं काढली आणि मावशीच्या हातात दिली. ती पुढे भिंगरीच्या गळ्यात वाजत राहिली.

लहान असा की थोर, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: राखण इतकी घट्ट करू नये, की येणारं फळही बाहेरच राहील.